सब चालू आहे, लाईट लागलाय, पण खोल बेस येत नाहीये : काय काय तपासायचं

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस मला हमखास हाच फोन येतो. "अरे, होम थिएटरचा सब गेला बहुतेक, बेसच येत नाहीये, नवीन कुठला घेऊ?" (सब म्हणजे सबवूफर, फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकरचा डबा.) मी दुकानदार नाही, कॉलेजात असताना पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ४४४० आयसीचे बोर्ड आणून घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवायचो, तिथून हे वेड लागलं आणि आता ओळखीपाळखीत कोणाचाही डबा बिघडला की मलाच बोलावतात. तर इतकी वर्षं ह्या एकाच तक्रारीमागे फिरून माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा सब गेलेला नसतो. सेटिंग चुकलेलं असतं, नाहीतर वायर, आणि सगळ्यात जास्त वेळा माणूस चुकीच्या जागी बसलेला असतो. हे शेवटचं कोणालाच पटत नाही, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

आधी लक्षणं. तुमचं नक्की काय होतंय ते ह्यात शोधा, कारण "बेस येत नाही" म्हणजे आठ वेगळ्या गोष्टी असू शकतात:

– सबचा लाईट लागतो पण आवाज अजिबात नाही, किंवा हळू आवाजात मधेमधे बंद पडतो
– सिनेमात बेस येतो, गाण्यात येत नाही (किंवा उलट)
– ढब ढब असा एकच सूर घुमतो, पण खाली खोल काही नाही
– सोफ्यावर काही नाही आणि स्वयंपाकघरातले डबे मात्र खडखडतात
– सतत घूं असा आवाज, काही लावलेलं नसताना पण
– बेस आला की फटफट किंवा खरखर
– आवाज वाढवला की बेस दबतो, लाईट मंद होतो, कधी सब बंदच पडतो
– जळका वास, धूर, हात लावला की मुंग्या (हे असेल तर बाकीचं वाचत बसू नका, स्विच बंद करून प्लग काढा आणि सरळ खाली शेवटच्या भागात जा)

आता फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करू.

काय वाजवताय ते बघा

हसू नका. एका आत्याकडे मी तासभर वायरी तपासल्या आणि मग लक्षात आलं की त्या जुन्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डिंगवर बेस शोधतायत. त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये ४० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा कमी तेवढा सूर खोल) खाली काही नाहीच, तर सब बिचारा वाजवणार काय. बातम्या आणि मालिका ह्यांचं पण तेच, त्यात नुसती बोलणी असतात. फोनमध्ये टोन जनरेटरचं एखादं फुकट अ‍ॅप टाका आणि ते सिस्टीमला जोडून १०० हर्ट्झपासून हळूहळू खाली ३० पर्यंत या. आवाज कमीच ठेवा, कारण सलग टोन गाण्यापेक्षा कॉइल (स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी) जास्त तापवतो. अंदाजासाठी सांगतो, बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ आणि मोठ्या पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झ.

इथंच एक खरं बोलून टाकतो. तुमच्या सबमध्ये ५ किंवा साडेसहा इंची वूफर (आतला बेसचा स्पीकर) असेल तर ३० हर्ट्झ विसरा. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढाच आवाज काढायला कोनला (वूफरचा हलणारा पुढचा पडदा) चौपट पुढंमागं व्हावं लागतं. म्हणजे ८० ला जो कोन १ मिलीमीटर हलतो त्याला ४० ला ४ आणि २० ला १६ मिलीमीटर हलायला लागेल, छोट्या वूफरमध्ये तेवढी जागाच नसते. डब्यावर २००० वॉट पीएमपीओ (जाहिरातीतली क्षणभराची कमाल ताकद) लिहिलेलं असलं तरी. त्या पीएमपीओ आकड्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

आणि रात्री हळू आवाजात ऐकत असाल तर तिथं तुमचे कानच जबाबदार आहेत. १९३३ साली बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी हे मोजलं होतं, हळू आवाजात आपल्याला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा आवाज जेवढा वाटतो तेवढाच वाटायला ५० हर्ट्झला पंचाहत्तरच्या वर डेसिबल लागतात. जुन्या अ‍ॅम्पवर लाउडनेस नावाचं बटण ह्यासाठीच असायचं. तेव्हा तपासणी दुपारी करा, नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात, शेजारी ऑफिसला गेलेले असताना.

सबच्या मागची बटणं

सब वळवून मागची बाजू बघा. साधारण तीन गोष्टी असतात, व्हॉल्यूम, क्रॉसओव्हर आणि फेज. फडकं मारणाऱ्या हाताने ह्यातलं एक तरी फिरलेलं असतं, हे मी पैजेवर सांगतो.

व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवा. ऑटो/ऑन असा स्विच असेल तर तपासणीपुरता ऑनवर करा. ऑटोवर असलेला सब सिग्नल आला की जागा होतो, पण हळू आवाजात सिग्नलच इतका बारीक असतो की तो झोपूनच राहतो, आणि माणसाला वाटतं सब मधेमधे बंद पडतोय. "मोठ्या आवाजात चालतो, रात्री चालत नाही" ही तक्रार आली की मी फोनवरच हे सांगतो आणि पुष्कळदा माझी चक्कर वाचते.

क्रॉसओव्हरचं थोडं नीट समजून घ्या. एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा अ‍ॅम्प) असेल तर बेस कुठून कापायचा, म्हणजे कुठल्या आकड्याच्या खालचे सूर सबला द्यायचे, हे काम रिसीव्हर करतो, साधारण ८० हर्ट्झला. मग सबची स्वतःची नॉब पूर्ण उजवीकडे फिरवा किंवा एलएफई (सिनेमातला खास बेसचा ट्रॅक) लिहिलेल्या इनपुटला पिन लावा. नाहीतर रिसीव्हर ८० ला कापतो, सब स्वतः परत ५० ला कापतो, आणि मधला भाग कोणीच वाजवत नाही. रिसीव्हर नसेल, साधा स्टीरिओ अ‍ॅम्प असेल, तर नॉब ६० ते ८० च्या आसपास ठेवून कानाने जुळवा, सब कुठं ठेवलाय हे डोळे मिटून कळेनासं झालं की बरोबर.

फेज म्हणजे ० आणि १८० असा छोटा स्विच. ८० हर्ट्झचा टोन लावा, तुम्ही नेहमीच्या जागी बसा, आणि घरातल्या कोणाला तरी तो स्विच इकडंतिकडं करायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा वाटेल ती बाजू तुमची. ८० च्या आसपास सब आणि पुढचे स्पीकर दोघंही वाजत असतात, एक हवा ढकलत असताना दुसरा ओढत असला तर दोघं मिळून शून्य.

सबच्या खालच्या-मागच्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये, टॉर्च मारून बघा. बिबवेवाडीतल्या एका घरात सब अचानक "दबल्यासारखा" वाजायला लागला होता, मी पोर्टमधून बाळाचा एक मोजा, तीन खडू आणि अर्धं बिस्किट काढलं. बिस्किटामागून मुंग्या, मुंग्यांमागून पाल, असं ते वाढत जातं. (मोज्याचं म्हणाल तर तो मुद्दाम घालणारे पण आहेत, पोर्ट बुजवला की डबा बंद पेटीसारखा वागतो आणि घुमणं कमी होतं. ढब ढब जास्त असेल तर एक जाड मोजा गुंडाळून घालून बघाच, फुकट आहे.)

रिसीव्हर किंवा टीव्हीचा मेनू

सिनेमात बेस आणि गाण्यात नाही, ही तक्रार असेल तर कारण बहुतेक इथंच. मेनूमध्ये स्पीकर साईझ असतं, स्मॉल किंवा लार्ज. लोक अभिमानाने लार्ज ठेवतात, "माझे ४० हजारांचे स्पीकर स्मॉल कसे?" अहो, स्मॉल म्हणजे अपमान नाही, स्मॉल म्हणजे "खालचा बेस ह्याला देऊ नको, सबला दे" एवढंच. सगळं लार्ज ठेवलं की सबला फक्त ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब) मधला तो पॉइंट वन, म्हणजे एलएफई ट्रॅक मिळतो, आणि तो सिनेमात असतो. गाणी स्टीरिओ असतात, त्यात तो ट्रॅकच नाही, मग सब गप्प. सगळे स्पीकर स्मॉल करा, क्रॉसओव्हर ८० ठेवा. छोटे सॅटेलाईट स्पीकर असतील तर १०० किंवा १२०.

नाईट मोड, डायनॅमिक रेंज, ऑटो व्हॉल्यूम, आवाज लेव्हल करणारं जे काही असेल ते टीव्हीत आणि रिसीव्हरमध्ये दोन्हीकडे बंद करा. ही सेटिंग्ज धमाक्याचं डोकं कापूनच टाकतात. टीव्हीतून आवाज घेत असाल तर डिजिटल ऑडिओ आउट पीसीएम वर आहे का ते बघा. बऱ्याच टीव्हींमध्ये पीसीएम ठेवलं की ५.१ चं स्टीरिओ करूनच बाहेर सोडतात आणि एलएफई त्यात गळतो. ऑटो किंवा बिटस्ट्रीम ठेवा.

माईकवाला ऑटो सेटअप केला असेल तर सबची लेव्हल किती निघाली ते बघा. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ती −१२ पर्यंतच खाली जाते. आकडा −१२ वर अडकलेला दिसला तर सबची मागची नॉब जास्त आहे, ती कमी करून सेटअप परत करा.

साउंडबारचा वायरलेस सब असेल तर लाईट स्थिर आहे की लुकलुकतोय ते आधी बघा. लुकलुकत असेल तर जोडणी तुटलीय, दोन्हीचे प्लग काढून पाच मिनिटांनी लावा, नाही झालं तर पुस्तिकेत बघून परत जोडा. राउटर सबच्या डोक्यावर ठेवलेला असेल तर तो हलवा.

वायरी

आरसीए पिन (सबला येणाऱ्या केबलची गोल पिन) काढून परत घट्ट लावा, शक्य झालं तर दुसरी केबल लावून बघा, शे-दोनशेची वस्तू आहे. सोप्पी चाचणी सांगतो. सबचा व्हॉल्यूम पार कमी करा, केबलचं रिसीव्हरकडचं टोक सोडवा, आणि त्या मोकळ्या पिनच्या मधल्या टोकाला बोट लावून व्हॉल्यूम थोडासा वाढवा. घूं असं वाजलं तर सबचा अ‍ॅम्प आणि वूफर दोन्ही जिवंत आहेत, दोष अलीकडे, म्हणजे रिसीव्हरच्या बाजूला आहे. मागे धातूच्या भागाला हात लावून मुंग्या येत असतील तर मात्र ही चाचणी करू नका.

मग स्पीकरच्या वायरी. लाल-काळं एका स्पीकरला उलटं लागलं की दोन्ही स्पीकर वाजतात, बोलणं नीट ऐकू येतं, फक्त बेस नाहीसा होतो आणि आवाज डोक्याभोवती कुठंतरी तरंगतो. घर रंगवून झाल्यावर किंवा फर्निचर हलवल्यावर "बेस गेला" म्हणणाऱ्यांकडे मी सगळ्यात आधी हेच बघतो. वायरवर एका बाजूला रेघ किंवा छापलेली अक्षरं असतात, ती बाजू दोन्ही टोकांना लालमध्येच आहे ना, एवढं पुरतं. रेघ नसेल तर स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवून वायरीच्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लस ज्या तारेला लावल्यावर कोन बाहेर येतो ती लाल.

तुम्ही बसता ती जागा

आता मुद्द्याचं. धायरीचे एक काका आहेत, रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून चांगला १० इंची सब घेतला होता. सहा महिन्यांनी फोन, "दुकानदारानं फसवलं, बेस नाही." मी गेलो. वर लिहिलेलं सगळं तपासलं, सगळं बरोबर. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "बेस नाही कसा, माझे फडताळातले डबे नाचतात, ह्यांना सांगून थकले मी." तिथंच मला कळलं.

हॉल १५ फूट लांब, १० फूट रुंद. टीव्ही एका टोकाला, मागे डायनिंग टेबल आणि त्याच्या मागे स्वयंपाकघर, आणि सोफा बरोब्बर मध्ये. मी ३८ हर्ट्झचा टोन लावला. सोफ्यावर जवळजवळ काही नाही. "काका, तुम्ही जरा उठा आणि डायनिंगपाशी जाऊन उभे राहा." ते गेले, आणि दोन खुर्च्या ओलांडल्यावर एकदम थांबले आणि छातीवर हात ठेवला. "अरे, इथं तर आहे की रे!" मग चार पावलं पुढं, नाही. चार पावलं मागं, आहे. दहा मिनिटं काका नुसते येरझाऱ्या घालत होते आणि काकू दारातून हसत होत्या.

कारण असं की बेसची लाट खोलीपेक्षा मोठी असते. ३८ हर्ट्झची एक लाट साधारण ९ मीटर, म्हणजे ३० फुटांची, खोलीच्या बरोबर दुप्पट. ती भिंतीवर आपटून परत येते आणि जाणारी-येणारी मिळून एक आकार खोलीत ठाण मांडून बसतो, भिंतींपाशी दाब जास्त आणि मधोमध शून्य. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती बेस बाहेर जाऊच देत नाहीत, म्हणून आपल्याकडे हे फार जोरात होतं. तुमच्या खोलीचा आकडा काढायला ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा. १५ फूट म्हणजे ३८ हर्ट्झ, १२ फूट म्हणजे ४७, १० फूट म्हणजे ५६-५७, आणि साडेनऊ फुटांचं छत म्हणजे ५९. खोलीच्या मधोमध बसलात तर हे आकडे तुमच्यासाठी गायब, आणि कोपऱ्यात बसलात तर तेच आकडे डोकं उठवतात. १० बाय १० ची खोली सगळ्यात वाईट, लांबी-रुंदीचा आकडा एकच आणि छत पण त्याच्याच जवळ, सगळे एकाच सुरात घुमतात.

आणि इथं आवाज वाढवून उपयोग नाही. ३८ ला इक्वलायझर वर चढवलात तरी मध्ये शून्यच राहतं, भिंतींपाशी मात्र दुप्पट घुमतं, काकूंचे डबे अजून नाचतात आणि अ‍ॅम्प फुकट तापतो. मोठा सब आणून पण तेच. काकांना दुकानदार १२ इंचीचं एक्स्चेंज देत होता, घेतला असता तर बाराचा शून्य मिळाला असता.

करायचं काय, तर आधी सोफा हलवून बघा, दीड-दोन फूट मागं किंवा पुढं. सोफा हलत नसेल (बायकोचा नकार हे पण कारण मी धरतो) तर सब हलवा. त्याची जुनी युक्ती आहे, जरा विचित्र दिसते. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी, चक्क सोफ्यावर ठेवा, एखादं बेसवालं गाणं लावा, आणि तुम्ही खोलीत भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा, कान सबच्या उंचीला. जिथं बेस भरलेला आणि सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथं सब ठेवायचा. लहान मुलं खूश होतात, बाबा रांगतायत म्हणून.

हे कानाने जुळवताना मी डग्गा वापरतो. तबल्याचं एखादं नीट रेकॉर्ड केलेलं सोलो लावा आणि डग्ग्याची मींड ऐका. मनगट दाबत सूर वर चढतो तेव्हा तो सलग सरकला पाहिजे, मधेच एखादा सूर ढम्मकन उडी मारून आला किंवा गायब झाला तर जागा अजून चुकतीय. टोन जनरेटरपेक्षा हे मला जास्त विश्वासाचं वाटतं, आणि कंटाळा येत नाही. आकड्यांची आवड असेल तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण मोजायचा माईक वेगळा घ्यावा लागतो, फोनचा माईक इतक्या खाली भरवशाचा नसतो.

कोपऱ्यात सब ठेवला की आवाज वाढतो हे खरं, पण घुमणं पण वाढतं. मधल्यामध्ये तडजोड. पैसे असतील तर एका मोठ्या सबऐवजी दोन छोटे, समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध, हा उपाय खरंच चालतो, दोघं मिळून खोलीचा तो पहिला आकार बसूच देत नाहीत. पडदे, गालिचे, अंड्याचे ट्रे ह्यांनी खोल बेसला काही फरक पडत नाही, ४० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्साच २ मीटर आहे, त्यापुढं पडदा म्हणजे काय.

काकांचा सोफा शेवटी दोन फूट मागं गेला आणि डायनिंग टेबल भिंतीला लागलं. एक पैसा खर्च नाही, काकूंनी थालीपीठ खायला घातलं.

खडखड आणि घूं

बेसबरोबर खडखड येत असेल तर आधी खोली तपासा, वूफर नंतर. टोन १०० वरून ३० पर्यंत हळूहळू खाली आणा आणि ज्या आकड्याला खडखड होईल तिथं थांबून एकेका वस्तूला हात लावत फिरा. स्लायडिंग खिडकीची काच, शोकेस, फोटोची फ्रेम, लॉफ्टवरची पितळी परात. हात लावल्यावर थांबली की सापडली, रबराचा तुकडा किंवा घडी घातलेला कागद खोचा.

सतत घूं येत असेल तर सबमधली पिन काढा. घूं चालूच राहिली तर दोष सबच्या आत आहे, बहुतेक पॉवर सप्लायचे कपॅसिटर, तिथं थांबा. पिन काढल्यावर बंद झाली तर पिन परत लावून डिश किंवा केबल टीव्हीची गोल वायर सेट टॉप बॉक्समधून सोडवा. गेली घूं? मग अर्थिंगचं चक्र झालंय, गच्चीवरच्या डिशकडून एक अर्थ आणि भिंतीच्या प्लगमधून दुसरी. टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर, सब सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशनवर घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. घूं जाते म्हणून प्लगची अर्थची जाड पिन कापू नका. मी कापलेली पिन दोन घरांत बघितलीय, एका घरात सबच्या मागच्या पत्र्याला हात लावल्यावर मला चांगलाच झटका बसला होता.

वूफरला हात लावताना

जाळी निघत असेल तर काढा. कोनच्या कडेला रबराची किंवा फोमची रिंग असते. फोमवाली असेल तर बोटाने अलगद दाबा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फोम काही वर्षांत कुजतो, बोट लावलं की काळा चुरा हाताला येतो, आणि मग बेसला फटफट होतं. मग सब बंद करून, दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून, सारखा दाब देत कोन आत ढकला. मऊ गेला पाहिजे. खरखर लागली तर कॉइल घासतीय, हललाच नाही तर कॉइल जळून अडकलीय. मधली टोपी दाबू नका, ती चेपते.

स्पीकर वायरने जोडायचा साधा सब असेल तर वायरी सोडवून मल्टीमीटरने ओहम बघा. ४ ओहमचा वूफर साधारण ३ ते ३.८ दाखवतो, ८ चा ६ ते ७. मीटर हललंच नाही तर कॉइल तुटलीय. रिंग बदलणं आणि रिकोनिंग (नवीन कोन आणि कॉइल बसवणं) करणारे कारागीर अजून आहेत, चांगला वूफर असेल तर फेकू नका.

इथं थांबा

डब्याच्या आत अ‍ॅम्प असलेला सब स्वतः उघडू नका. लोकल ५.१ मध्ये तर ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्ट आणि सगळ्या स्पीकरांचा बोर्ड त्याच पेटीत असतो. प्लग काढल्यावर पण आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून राहतात, बोट टेकलं की कळतं.

ह्यातलं काहीही झालं तर प्लग काढा आणि रिपेअरवाल्याकडे न्या:

– चालू करताक्षणी धप्प होऊन कोन एका बाजूला खेचून राहतो. अ‍ॅम्पमधून डीसी (एकाच दिशेचा करंट) येतोय, अर्ध्या मिनिटात कॉइल जळेल
– फ्यूज बदलला आणि परत उडाला. तिसरा लावू नका, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार तर अजिबात नको, ती तार घर पेटवते
– जळका वास, धूर, आतून तडतड
– बेस आला की लाईट मंद होऊन आवाज दबतो. पॉवर सप्लाय दमलाय
– पिन काढल्यावर पण घूं

धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येतात हे मात्र वेगळं काम आहे, त्यासाठी वायरमन बोलवा, सबवाला नाही. जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला अर्थ जोडलेलीच नसते. सॉकेटची अर्थ आधी तपासून घ्या, आणि तोवर टीव्ही आणि बॉक्स चालू असताना त्यांच्या मागे हात घालू नका.

रिपेअरला देताना सब उभाच न्या, कोनवर काही टेकू देऊ नका, रिक्षात नेताना कोनच्या बाजूला जाड पुठ्ठा लावा. रिपेअरवाल्याला "बेस नाही" एवढंच सांगू नका, पिन काढल्यावर काय झालं, बोट लावल्यावर वाजलं का, कोन हाताने मऊ हलतो का, हे तिन्ही कागदावर लिहून डब्याला चिकटवा. आणि काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या, फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनी दिसतो.